मुन्शी

गुन्ह्याच्या मालिका पाहण्याची आवड शिकल्यासवरल्या माणसाने चारचौघांत फारशी बोलून दाखवू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एके काळी पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचल्या जात. ती पुस्तके ज्यांनी झोप मोडून वाचली, त्यांतले पुष्कळजण पुढे वाङ्मयाचे अभ्यासक झाले असतील. पण झुंजार किंवा काळा पहाड ही नावे त्यांच्या लेखनात सहसा आढळत नाहीत. मला हा संकेत पाळावासा वाटत नाही. मी या मालिका पाहते, रात्री उशिरापर्यंत पाहते, आणि त्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महिन्यात विसरून जाते. खुनी कोण होता, हत्यार काय होते, शेवटी कोणी कोणावर पिस्तूल रोखले होते, यांतले काहीही आठवत नाही. एखादीच मालिका मात्र मागे उरते. ती का उरते, हा प्रश्न माझ्यापुरता तरी केवळ रसिकतेचा नाही. त्याच्या मुळाशी माझ्या घरातली एक गोष्ट आहे, आणि ती मला नीट दिसली ती नागपुरात न दिसता काशीत, मुन्शी घाटावर.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी काही मोडी कागद पाहण्याच्या निमित्ताने महिनाभर काशीत होते. दुपारी वाचनालय बंद झाले की दशाश्वमेधाची गर्दी टाळून, अहिल्याबाई घाटावरून दक्षिणेकडे चार पावले चालत मी मुन्शी घाटावर येत असे. नागपूरच्या माणसाला तेथे थोडे हक्काने बसता येते. भोसल्यांच्या दरबारातील अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ मध्ये हा घाट आणि त्यावरचा वाडा बांधविला. चुनारच्या खाणीतील वालुकाश्माच्या त्या उंच भिंती पाण्यातून सरळ वर आल्यासारख्या दिसतात. १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी वाडा विकत घेतला आणि घाटाच्या दक्षिणेकडील भागाला दरभंगा घाट हे नाव पडले. आज त्या महालात श्रीमंत प्रवाशांसाठी हॉटेल आहे. नाव बदलले, धनी बदलला, पण उरलेल्या पायऱ्या अजून एका नागपूरकर कारभाऱ्याच्या नावाने ओळखल्या जातात. हे नावही नीट ऐकले तर साधे आहे. मुन्शी म्हणजे लिहिणारा, कागद राखणारा माणूस.

उत्तरेला मणिकर्णिका आणि दक्षिणेला हरिश्चंद्र, या दोन स्मशानांच्या मध्ये हा घाट येतो. मरण येथे कोणी लपवीत नाही. खांद्यावरची तिरडी गल्लीतून जाते तेव्हा जिलबी तळणारा मान वर करतो आणि पुन्हा कढईकडे पाहू लागतो. कॅमेरेवाल्यांना या शहराची ओढ वाटावी हे स्वाभाविक आहे. मी होते त्या महिन्यात दोनदा तरी पहाटे घाटावर दोर बांधून लोक बाजूला केले जात होते, धूर सोडणारे यंत्र आणले होते, आणि एक उघडा तरुण भस्म फासून आज्ञेची वाट पाहत कुडकुडत होता. कशाचे चित्रीकरण, असे विचारता एका हमालाने, ‘मर्डरवाला कुछ है,’ एवढेच सांगितले. खऱ्या गंगेवर खरे धुके असताना यंत्राचा धूर का लागावा, हे त्यालाही उमगले नव्हते.

माझा मुक्काम ब्रह्मा घाटाच्या बाजूला एका मराठी घरात होता. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घराणी अजून आहेत. त्यांची मराठी कानाला आधी जुनी आणि मग हिंदी वाटते. क्रियापदे पेशवाईतली आणि हेल बनारसचा. त्या घरातल्या आजींचा नातू रात्री जेवणानंतर मोबाइल उभा करून मालिका पाहत असे आणि आम्ही दोघी त्याच्या मागे बसत असू. ‘असुर’ मी एकदा पाहिलेली होती. त्यांच्यासोबत ती पुन्हा पाहिली. मार्च २०२० मध्ये वूट या मंचावर तिचे पहिले पर्व आले, दुसरे जून २०२३ मध्ये. दिग्दर्शक ओनी सेन. अर्शद वारसी आणि बरुण सोबती हे दोघे सीबीआयच्या न्यायवैद्यक शाखेतले, एकमेकांशी न पटणारे तज्ज्ञ. कथेचे मूळ काशीत आहे. येथल्या एका पुरोहिताच्या घरी जन्मलेला, पुराणे मुखोद्गत असलेला अत्यंत बुद्धिमान मुलगा स्वतःला असुर समजू लागतो.

आजींनी पहिले दोन भाग मुकाट्याने पाहिले आणि मग नातवाला म्हणाल्या, ‘काय रे, आमच्या इथला बामण असा अंधारात बसून पूजा करतो का? ह्यांच्याकडे बिजलीचं बिल कोण भरतं?’ नातू हसला. मला मात्र त्या वाक्यात एका शहराची न्याय्य तक्रार ऐकू आली. पडद्यावरची काशी नेहमी पिवळ्या काळोखात असते, तिच्या गल्लीत वळले की घंटा वाजते, आणि तिथला प्रत्येक म्हातारा काही तरी गूढ जाणतो. आजींच्या काशीत दूधवाला असतो, नळाच्या पाण्याची वेळ असते, पावसाळ्यात पायऱ्यांवर बसणारा गाळ असतो. मालिका एखाद्या जागी घडते असे म्हणताना ती जागा केवळ मागे टांगलेला पडदा आहे की तिच्यामुळे गुन्ह्याला आणि तपासाला वळण लागते, हे पाहिले पाहिजे. ‘असुर’मध्ये काशीचा पुष्कळसा भाग टांगलेलाच आहे.

तरीही तिला मी विसरण्याजोग्या मालिकांत टाकणार नाही, आणि त्याचे कारण तिच्या पुराणकथांत नाही. त्या पोराने बापाला मारले असा अर्शद वारसीच्या पात्राला विश्वास वाटतो, पण सिद्ध करता येत नाही. तेव्हा तो पुरावा रचतो. मुलगा तुरुंगात जातो. पुढचे सगळे खून, सगळे मुखवटे, सगळे श्लोक त्या एका खोट्या कागदातून उगवतात. तपास करणाऱ्याने खोटे लिहिले, येथे कथेचा खरा गुन्हा आहे. अंधार, धूर आणि घंटा यांखाली लेखकांनी ही गोष्ट ठेवली आहे, आणि मालिका संपल्यावर तेवढीच टोचत राहते.

काशीतल्या गुन्ह्याची दुसरी एक कथा आठवते. सत्यजित राय यांनी आपल्या फेलूदाला येथे आणले: कादंबरी ‘जय बाबा फेलुनाथ’, आणि त्याच नावाचा १९७९ चा चित्रपट. तो मालिका नव्हे, पण एका दीर्घ कथामालेचा भाग आहे. त्यात भर उजेडातली काशी आहे. मगनलाल मेघराजच्या बैठकीतला विनोद आणि क्रौर्य सर्वांना आठवते. उत्पल दत्तांनी ते पात्र तसेच साकारले आहे. मला त्याहून अधिक आठवतो तो दुर्गेची मूर्ती रंगविणारा वृद्ध कारागीर. त्याचा खून होतो. कथेच्या यंत्रणेत त्याचे काम फार थोडे आहे, पण राय यांनी त्याआधी त्याला कुंचला हातात धरून काम करताना इतके शांतपणे दाखविले आहे की तो मेल्यावर मूर्तीचे रंगकाम कोण पुरे करील, असा विचार प्रेक्षकाच्या मनात येतो. मेलेल्या माणसाचे काम अर्धे राहिले आहे ही जाणीव खूनकथेत फार दुर्मिळ असते.

आता घरातली गोष्ट.

माझे वडील नागपुरात पोलीस हवालदार होते. त्यांच्या नोकरीचा मोठा भाग ठाण्यात लिहिण्यात गेला. अक्षर वळणदार होते, म्हणून साहेबांनी त्यांना टेबलाशी बसविले आणि ते तेथेच राहिले. स्टेशन डायरी, फिर्याद, जबाब, जप्तीची यादी आणि पंचनामे. आमच्या घरी दूरदर्शन आले तेव्हा मुंबई केंद्रावरून ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका लागत असे, दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि पडद्यावर शिवाजी साटम. पोलिसांच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक शीर्षकात घेणारी ती मालिका आमच्या पोलीस लाइनीत सगळे मिळून पाहत. तिच्यात शिपाई दमलेला दिसे आणि साहेबाला फोनची वाट पाहावी लागे. बाबांना ती आवडे, म्हणजे ते तिच्याकडे पाठ करून बसत नसत. त्यांच्याकडून याहून मोठी प्रशस्ती मी कधी ऐकली नाही.

पुढे त्याच बी. पी. सिंग यांनी साटमांनाच घेऊन २१ जानेवारी १९९८ पासून ‘सीआयडी’ आणली. वीस वर्षे, दीड हजारांहून अधिक भाग. २०१८ मध्ये थांबून डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. एसीपी प्रद्युम्नची फिरणारी बोटे, दयाने फोडलेली दारे, प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंखे, हे सारे आता लोककथेत जमा झाले आहे आणि त्याची थट्टाही प्रेमाने केली जाते. एकच दृश्य सलग चित्रित करून १११ मिनिटांचा भाग करण्याची ईर्षाही तिने २००४ मध्ये दाखविली. मी तिच्याविषयी तुच्छतेने बोलणार नाही. ज्या घरांत पोलीस म्हणजे केवळ धाक होता, त्या घरांतल्या मुलांना तिने तपास नावाची गोष्ट असते हे शिकविले. पण बाबा ती पाहू लागले की दर वेळी एकच प्रश्न विचारीत. अधिकारी प्रेताजवळ वाकत, एकजण काच उचली, दुसरा केस चिमट्यात धरी, तिसरा म्हणे की खुनी डावरा आहे. बाबा सुपारी कातरता कातरता विचारीत, ‘हे सगळं ठीक आहे. पण लिहून कोण राहिलं?’

आम्ही भावंडे त्यांची नक्कल करीत असू. घरात काहीही हरवले, काचेचा पेला फुटला, की एकमेकांना विचारायचे: लिहून कोण राहिलं? त्या प्रश्नाला काही अर्थ असेल असे तेव्हा मनातही आले नव्हते.

अर्थ होता. आपल्याकडे अकस्मात मृत्यू झाला की ठाण्यात त्याची नोंद होते; नागपूरकडे त्याला मर्ग म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे, पोलिसाने जागेवर जाऊन पंचांसमक्ष प्रेताचा पंचनामा करावयाचा असतो. डोके कोणत्या दिशेला, हात कसे, डोळे मिटलेले की अर्धवट, अंगावर कोणते कपडे, कोणत्या जखमा, खिशात काय. पंच म्हणून धरून आणलेला पानवाला आणि रिक्षावाला शेजारी उभे असतात; त्यांना घरी जायचे असते. उन्हाळ्यात ही गोष्ट किती कठीण होते ते सांगण्याचे कारण नाही. लिहिणारा मात्र उकिडवा बसून मांडीवरच्या पुठ्ठ्यावर लिहीत असतो. त्या भाषेला वाङ्मयात किंमत नाही. वाक्ये लांब, कर्ता हरवलेला, अर्धे शब्द फारसी. पण तिला एक नियम आहे: दिसले ते लिहायचे, वाटले ते लिहायचे नाही. ललित लेखन शिकविणाऱ्या कित्येक पुस्तकांत मला हा नियम इतका स्वच्छ आढळला नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यात शहराबाहेर रेल्वेच्या रुळांपासून थोड्या अंतरावर एका बाईचे प्रेत सापडले. पंचनामा बाबांनी लिहिला. डाव्या हातात सात हिरव्या बांगड्या, उजव्या हातात सहा. कोपराच्या खाली गोंदण. लुगड्याचा पदर एका जागी फाटलेला आणि रफू केलेला. रफूचा दोरा मूळ रंगाचा नाही, पण टाका इतका बारीक की हात फिरविल्याशिवाय कळत नाही. हे शेवटचे वाक्य वरिष्ठांना लांबण वाटले. रफूशी खात्याला काय कर्तव्य, असे त्यांनी विचारले. बाबांनी ते वाक्य काढले नाही. त्यांचे म्हणणे असे की बांगड्या हजार जणींच्या सारख्या असतात, गोंदण शंभर जणींचे सारखे असते, पण हा टाका ज्याच्या घरातला आहे तो माणूस कागद ऐकताच ओळखील. छायाचित्र काढले, वर्तमानपत्रात निवेदन दिले, आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेले. कोणी आले नाही. ठरलेले दिवस भरल्यावर प्रेत नगरपालिकेकडे गेले, आणि काही काळाने कागदही बंद झाले.

घरात ही गोष्ट आम्हांला एका वेगळ्याच वाटेने कळली. आई दिव्याखाली काही शिवीत बसली की बाबा मध्येच येऊन टाका पाहत. एकदा तिने चिडून कारण विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले. त्यानंतर आई कधी चिडली नाही. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी, रामटेकच्या यात्रेत एका अनोळखी म्हातारीच्या पदराकडे ते इतका वेळ पाहत राहिले की मला त्यांचा हात धरून त्यांना पुढे न्यावे लागले. २०११ मध्ये ते गेले. त्या बाईला कोणी मारले होते की गाडीचा धक्का लागला होता, हे शेवटपर्यंत ठरले नाही. आणि मला वाटते की त्यांना त्याहून तिचे नाव हवे होते.

नव्या मंचांवरच्या मालिका बाबांनी पाहिल्या नाहीत. मी त्या पाहते तेव्हा त्यांचा प्रश्न माझ्या कानात असतो, आणि माझी निवड त्याच प्रश्नाने होते असे मला आता दिसते. मार्च २०१९ मध्ये आलेली ‘दिल्ली क्राइम’ पाहा. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतील अत्याचाराच्या तपासावर रिची मेहता यांनी ती रचली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय मालिका. पुरस्कारापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो तिने घेतलेला एक निर्णय: तो अत्याचार तिने दाखविला नाही. कॅमेरा बसमध्ये शिरत नाही. आपल्याला जे कळते ते जबाबातून, डॉक्टरांच्या बोलण्यातून, आणि ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून. शेफाली शाह यांची वर्तिका चतुर्वेदी ऐकताना कशी उभी राहते, एवढ्यावर पहिला भाग तोलला आहे. बाकी सगळे काम आहे: गाडी शोधणे, माणसे पाठविणे, जागरण, वीज गेलेले ठाणे, अर्धवट राहिलेले जेवण. कोणी तरी लिहीत आहे हे त्या मालिकेत सतत जाणवते.

या ठिकाणी एक आक्षेप मी स्वतःच घेते. सोसलेल्या मुलीला पडद्यावर न आणता पोलिसांना आणले की सहानुभूतीही पोलिसांकडे वळते, आणि ज्या खात्यावर त्या हिवाळ्यात लोक रस्त्यावर उतरून संतापले होते, त्याला ही मालिका बऱ्यापैकी उजळ करून सोडते. हवालदाराच्या मुलीला ते सुखद वाटावे यात नवल नाही. म्हणूनच मी त्यावर विश्वास टाकताना हात आखडता घेते. बाबांच्या ठाण्यात खोटे जबाब कधीच लिहिले गेले नसतील, असे मी म्हणू शकत नाही. ‘असुर’मधला तो रचलेला पुरावा मला टोचतो तो याच कारणाने.

‘सेक्रेड गेम्स’विषयी सर्वजण गायतोंडेबद्दल बोलतात. विक्रम चंद्र यांच्या २००६ च्या कादंबरीवरून २०१८ मध्ये ती आली, आणि नवाजुद्दीन सिद्दीकींचा गायतोंडे खरोखर विसरण्याजोगा नाही. माझ्या दृष्टीने तिचे पहिले पर्व तरते ते जितेंद्र जोशी यांनी केलेल्या हवालदार काटेकरमुळे. मुंबईचे अरिष्ट, देवपण मिरविणारा गुंड, या सगळ्या अवाढव्य व्यापात हा माणूस घरी जाऊन बायकोशी पाण्यावरून आणि मुलावरून मराठीत बोलतो. त्याला साहेबापेक्षा अधिक कळते आणि त्याचा तो गवगवा करीत नाही. कामावर असताना तो मारला जातो. तोवर त्या मालिकेत कितीतरी प्रेते पडलेली असतात. त्याच्या मरणाने मात्र घर मोकळे पडते. मी तो भाग एकटीने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘तू पण तिथंच थांबली का?’

मे २०२० मधल्या ‘पाताल लोक’मध्ये जयदीप अहलावत यांचा हाथीराम चौधरी यमुनेपलीकडच्या ठाण्यातला असाच उपेक्षित अधिकारी आहे. तेथे चार आरोपी पकडले जातात, आणि लेखक सुदीप शर्मा त्या चौघांना एकेक करून त्यांच्या गावी, त्यांच्या बालपणाकडे घेऊन जातात. आरोपीला इतिहास असतो हे म्हणणे सोपे आहे. ते म्हणताना त्याने केलेले कृत्य धुऊन न टाकणे अवघड. शर्मांनाच पुढे ‘कोहरा’ (२०२३) मध्ये ते अधिक शांतपणे जमले. ती पंजाबीत आहे. लग्नाआधी परदेशातून आलेला नवरा मुलगा शेतात मरून पडलेला सापडतो आणि तपास करणारा बलबीर सिंग स्वतःच्या मुलीला काय केले आहे हे आपल्याला हळूहळू कळते. भाषा बदलली नाही, पोलीस हिंदी सिनेमाची हिंदी बोलला नाही, म्हणून ते धुके पंजाबचेच वाटते. काशीहून वर, गंगेच्याच काठच्या मिर्झापूरचे नाव घेऊन २०१८ पासून चाललेल्या मालिकेविषयी मला थोडेच म्हणायचे आहे. पंकज त्रिपाठी मंद बोलतात तेव्हा भीती वाटते हे खरे. पण तिच्यात इतकी माणसे मरतात, आणि त्यांच्यासाठी इतकी थोडी माणसे थांबतात, की बाबांनी पहिल्या भागातच पुठ्ठा मिटला असता.

मोडी कागद संपत आले त्या आठवड्यात मुन्शी घाटावर एका नावाड्याशी ओळख झाली. वय साठीच्या पुढे, जातीने निषाद. तरुणपणी तो गोताखोर होता. बुडालेल्यांना काढण्यासाठी पोलीस ज्यांना बोलावतात त्यांपैकी एक. त्याच्याही घरी नातवंडे मालिका पाहत. त्याला एका गोष्टीचे हसू येई. पडद्यावर नदीतून काढलेले प्रेत नेहमी उताणे असते, केस सुंदर पसरलेले. ‘दीदी, पानी इतना लिहाज नहीं करता,’ तो म्हणाला. मग त्याने जे सांगितले ते सगळे मी येथे लिहीत नाही. एवढे सांगते की उत्तर प्रदेशात ठाण्यातल्या लिहिणाऱ्याला मुंशीजी म्हणतात, आणि प्रेत काठाला लागले की मुंशीजी त्याला पहिला प्रश्न मुठीविषयी विचारीत: वर आला तेव्हा मूठ मिटलेली होती की उघडी? मिटलेल्या मुठीत शेवाळ किंवा वाळू असली तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतही हे आहे. या माणसाने ते पुस्तक पाहिले नव्हते; त्याने मुठी पाहिल्या होत्या. होडीत घेताना हात दगडाला घासला तरी मूठ सुटू शकते, म्हणून तो पाण्यातच, अंधारात, बोटांनी चाचपून पाहून ठेवी.

मी त्याला विचारले, ‘आणि मुंशीजी हे सगळं लिहून घेत?’

त्याने वल्ह्यावरचे पाणी झटकले. ‘कभी लिखते थे,’ तो म्हणाला. ‘कभी कागज़ भीग जाता था. तब मैं याद रखता था. सुबह थाने जाकर लिखवा देता.’

पलीकडच्या वाळवंटावर ऊन उतरत होते. त्याने मला अशा चार मुठींचे वर्णन सांगितले, वर्षांसह, आणि त्यांतल्या दोघांची नावे त्याला अजून कळलेली नव्हती.